यादीत आहे की नाही? कर्जमुक्तीनंतर येत राहिलेल्या पत्रांचं एक प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरातली ही हकिकत. नावं देणार नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि शेजारच्या गावात पाहिलेल्या दोन गोष्टीही इथेच जोडल्या आहेत. घरच्या कर्त्या पुरुषाला दादा म्हणतो, त्यांच्या पत्नीला वहिनी. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. निवृत्तीनंतर लोकांचे कागद लावून देणं हेच माझं काम झालं आहे, म्हणून ही पिशवी माझ्याकडे आली.

पिशवी शब्दशः कापडी पिशवी होती. चवथीच्या आधी घराची साफसफाई निघाली तेव्हा वहिनींनी कपाटाच्या तळातून ती काढली आणि दादांना न विचारता माझ्यासमोर ठेवली. दादांनी गेल्या दीड-दोन वर्षांत आलेली पत्रं त्यात कोंबली होती. काही फोडलेली, बरीचशी बंदच. ‘मुक्ततेचा आदेश झाला ना साहेब, मग हे लोक लिहितात कसे?’ एवढाच त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. पण सगळी पत्रं एकाच पिशवीत कोंबण्यात जो धोका होता, तो त्या घरात कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण गोव्यात तो घरोघरी माहीत आहे. खाणींच्या भरभराटीत दादांनी दोन नातेवाइकांसह एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. खोदाईची यंत्रं भाड्याने द्यायची, टिपर चालवायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मधली काही वर्षं अर्धवट काम चालू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर १५ मार्चनंतर पुन्हा सगळं ठप्प झालं. कंपनीवर एका बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज, होतं आणि दुसऱ्या एका खाजगी बँकेचं यंत्रासाठीचं मुदत कर्ज. दोन्हींना दादांचा वैयक्तिक जामीन. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे कायदेशीरपणे गुंडाळली गेली, यंत्रं भंगाराच्या भावाने विकली गेली, आणि बँक जामीनदाराकडे वळली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तीवरून लोकांचा फार गोंधळ होतो. नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ मधला व्यक्तींसाठीचा भाग आजही सर्वांना लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू आहे. स्वतःच्या नावावर दुकान चालवणारा, भागीदारी पेढीतला भागीदार, क्रेडिट कार्डात अडकलेला नोकरदार यांना हा रस्ता मिळत नाही. त्यांच्या हातात बहुधा बँकेशी केलेल्या तडजोडीचं पत्र आणि ना-देय दाखला एवढंच असतं. कंपनी सुटली की जामीनदारही सुटला, ही समजूतही चूक आहे. २१ मे २०२१ च्या ललितकुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितलं आहे.

दादांच्या बाबतीत बँकेने या संहितेच्या कलम ९५ खाली अर्ज केला. गोव्याची अशी प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातात. रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे ही प्रक्रिया चालवणारा व्यावसायिक, नेमला गेला, अर्ज दाखल करून घेतला गेला, एका इंग्रजी आणि एका मराठी दैनिकात जाहीर नोटीस निघाली आणि धनकोंना, म्हणजे ज्यांचं येणं आहे त्यांना, दावे दाखल करायला २१ दिवस मिळाले. आलेल्या दाव्यांची यादी झाली. दादांनी परतफेड योजना मांडली: फोंड्यातला फ्लॅट विकायचा, विम्याची रक्कम घालायची, बाकी हप्त्यांनी द्यायची. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी मूल्याच्या हिशेबाने तीन चतुर्थांशाहून अधिकांनी होकार दिला, न्यायाधिकरणाने मंजुरी दिली, ठरलेली रक्कम भरून झाली, आणि शेवटी कलम ११९ खालचा मुक्तता आदेश हातात आला. हे चार ओळींत लिहिलं, पण त्यात त्या कुटुंबाची कित्येक वर्षं गेली. फार थोडी प्रकरणं इथपर्यंत पोहोचतात. दादांनी ते तडीस नेलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता कलम ११९ मधली एक ओळ महत्त्वाची. मुक्तता मिळते ती ‘परतफेड योजनेत नमूद केलेल्या देण्यांपासून’. कलम ११५ तर म्हणतं की मंजूर योजना बांधील ठेवते ती योजनेत उल्लेख असलेल्या धनकोंना आणि ऋणकोला. म्हणजे आदेश हातात असला तरी प्रत्येक पत्राला विचारायचा पहिला प्रश्न एकच: हे देणं योजनेच्या यादीत आहे का? रक्कम किती मोठी, भाषा किती धमकीची, पाकिटावर लाल अक्षरांत काय छापलंय, हे सगळं त्यानंतर.

आम्ही सोप्यावर चटई टाकली, रिझोल्यूशन प्रोफेशनलने केलेली धनकोंची यादी मध्ये ठेवली आणि पत्रांचे ढीग लावायला बसलो. पाकिटंही टाकू दिली नाहीत. पोस्टाचा शिक्का आणि रजिस्टर्डचा क्रमांक पाकिटावरच असतो, आणि पत्र कधी पोहोचलं याचा पुरावा तोच.

सर्वांत जाड ढीग पहिल्या बँकेचा निघाला. वाचल्यावर त्यातला जोर लगेच ओसरला. दर तिमाहीला तोच मजकूर, तीच सही, फक्त व्याज वाढलेलं. ही पत्रं कोणी बसून लिहीत नाही, संगणक काढतो. बँकेचा कायदा विभाग मुंबईत, त्याच्याकडे न्यायाधिकरणाचा आदेश आहे. वसुलीची यादी दुसऱ्या विभागात, तिथे खातं ‘निर्लेखित, वसुली चालू’ असंच उभं. बँका बुडीत कर्ज हिशेबातून काढतात तेव्हा ऋणकोवरचा हक्क सोडत नाहीत, त्यामुळे कोणी हाताने बदल करेपर्यंत खातं वसुलीच्या यादीत राहतं. मी स्वतः ती व्यवस्था आतून पाहिली आहे. तिच्यात दुष्टावा नसतो, पण ज्याच्या घरी पत्र येतं त्याला त्यामुळे काही कमी त्रास होत नाही. वहिनी सांगत होत्या, रजिस्टर्ड पत्र आलं की पोस्टमन आधी दुकानावर विचारायचा, दादा घरी आहेत का म्हणून, आणि गावाला कळायचं.

या ढिगाला एकच उत्तर पुरलं. शाखेत जाऊन तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. ते दादांनी पूर्वी केलं होतं, आणि व्यवस्थापक बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावेळी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवलं, मुक्तता आदेशाची प्रमाणित प्रत जोडली, आणि पोच घेतली. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ही तक्रार ऑनलाइन, फुकट करता येते. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर ती दारातूनच परत येते. लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही. मुदत संपायच्या आत बँकेचं उत्तर आलं, खातं बंद केल्याचं आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’चं.

दुसरा ढीग दिसायला सर्वांत भयंकर. पाठवणारी एक मालमत्ता पुनर्रचना कंपनी, म्हणजे बँकांची बुडीत कर्जं विकत घेऊन वसूल करणारी संस्था, जिचं नाव दादांनी कधी ऐकलं नव्हतं. पाकिटावर लाल शाईत ‘अंतिम सूचना’, आत सात दिवसांची मुदत, आणि मूळ कर्जाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम. यातलं एक पत्र मी जरा जवळून पाहिलं, कारण अशी पत्रं इथे बऱ्याच घरांत येतात. वरच्या कोपऱ्यात कर्ज खात्याचा क्रमांक होता, तो यादीतल्या खाजगी बँकेच्या खात्याशी तंतोतंत जुळत होता, पुढे दोन अक्षरं नवी लावलेली. दुसऱ्या परिच्छेदात ‘हस्तांतरण करारान्वये’ हे कर्ज त्यांच्याकडे आल्याचं लिहिलं होतं. खाली छापील सही, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व फोन. तो तळाचा मजकूर मेहरबानीचा नव्हता. अशा कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जुलै २०२० मध्ये काढलेल्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार ऋणकोंना पाठवायच्या पत्रव्यवहारात तो द्यावाच लागतो. उत्तर कोणाला लिहायचं हे त्यानेच ठरलं.

झालं होतं असं. खाजगी बँकेने दावा दाखल केला, योजनेप्रमाणे पैसे घेतले, आणि खात्यांचा एक मोठा गठ्ठा या कंपनीला विकताना हे खातंही त्यातच गेलं. विकत घेणाऱ्याकडे पोहोचली ती जुनी थकबाकी. योजना, भरणा, आदेश यांची नोंद गेलीच नाही. पण कायद्यात विकत घेणारा विकणाऱ्याच्या जागी उभा राहतो. बँकांच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याच्या कलम ५ चा अर्थ तोच. विकणाऱ्याला जितका हक्क होता तितकाच घेणाऱ्याला मिळतो, वर कणभरही नाही. खाजगी बँक योजनेने बांधलेली होती, म्हणून ही कंपनीही बांधलेली.

उत्तर आम्ही इंग्रजीत पाठवलं. त्याचा मराठी मजकूर इथे देतो, कारण अशा पत्रात काय असावं यापेक्षा काय नसावं हे जास्त महत्त्वाचं आहे.

‘आपलं अमुक तारखेचं, अमुक क्रमांकाचं पत्र मिळालं. त्यात नमूद कर्ज न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या परतफेड योजनेतील धनकोंच्या यादीत अमुक क्रमांकावर आहे. योजनेप्रमाणे देय रक्कम अदा झाली असून संहितेच्या कलम ११९ खाली मुक्तता आदेश झालेला आहे. दोन्ही आदेशांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ज्यांच्याकडून आपण हे कर्ज घेतलं त्यांच्यावर योजना बंधनकारक होती, ती आपल्यावरही आहे. हे पत्र कोणत्याही देण्याची कबुली नाही. वसुलीची पत्रं, फोन आणि भेटी थांबवाव्यात, आपल्या आणि क्रेडिट माहिती कंपन्यांच्या नोंदी दुरुस्त कराव्यात, आणि तसं लेखी कळवावं.’

एवढंच. खाणी बंद पडल्याची कहाणी नाही, मुलीच्या शिक्षणाचा खर्च नाही, ‘परिस्थिती सुधारली की पाहू’ असं वाक्य तर अजिबात नाही. दादांनी आधी स्वतः लिहिलेल्या मसुद्यात ते वाक्य होतं. माणूस सभ्य असला की असं लिहितो. त्यांना समजावून ते काढावं लागलं.

त्याचं कारण वसुलीवाल्यांच्या फोनमध्ये आहे. या कंपनीकडून बोलणारा एक मुलगा दादांना दर आठवड्याला फोन करायचा, फार आदराने. ‘सर, फक्त पाच हजार टोकन टाका, फाइल सेटलमेंटला घेतो.’ सोबत एक फॉर्म, ‘मी थकीत रक्कम मान्य करतो’ असा. मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षं असतात. ती संपायच्या आत ऋणकोने सहीनिशी कबुली दिली किंवा आपल्या हस्ताक्षरात नोंद राहील अशा तऱ्हेने काही रक्कम भरली, तर कलम १८ आणि १९ प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटून गेलेल्या कर्जाचंही लेखी, सहीचं वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते वसूल करता येतं. मुक्त झालेल्या देण्याचं प्रकरण यापेक्षा वेगळं, पण तिथेही सही केलेला कागद ‘नवा करार’ म्हणून पुढे केला जातो आणि मिटलेला वाद कोर्टात उभा राहतो. पाच हजारांच्या टोकनाने कोणाचीही फाइल बंद होत नाही, ती फक्त जिवंत होते. दादांनी तोवर पैसे भरले नव्हते, हे त्यांचं नशीब. भरले नव्हते कारण हातात नव्हते.

फोनबद्दल एक नियम गोव्यातल्या वयस्कर लोकांना मी मुद्दाम सांगतो. १२ ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, आणि घरच्यांना, मित्रांना, ओळखीच्यांना त्यात ओढायचं नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी ज्याने नेमला त्या संस्थेची. आलेल्या फोनची वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवायला वहिनींनी सुरुवात केली, आणि ती वही पुढे तक्रारीला जोडली.

पुनर्रचना कंपनीने पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही. त्याऐवजी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली. तिच्यावरचा कोर्टाचा शिक्का पाहून दादांची झोप उडाली. लोकअदालत कर्ज लादत नाही. दोन्ही बाजू राजी असतील तरच तिथे निवाडा होतो, नाहीतर प्रकरण जसंच्या तसं परत जातं. असं असलं तरी तिथे जावं असं माझं मत. दादा गेले, आदेशाच्या प्रती मंडळासमोर ठेवल्या, तडजोड करायची नाही असं नम्रपणे सांगितलं आणि उठून आले. कंपनीच्या वकिलाने तो आदेश बहुधा तिथेच पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर तक्रार निवारण अधिकाऱ्याला आठवणीचं पत्र गेलं, आणि मग खातं ‘बंद’ झाल्याचं एक ओळीचं उत्तर मिळालं.

तिसरा ढीग सर्वांत पातळ होता. तीन-चार साधी पाकिटं, लाल शाई नाही, धमकी नाही. एका वाहन फायनान्स कंपनीकडून. आणि हाच ढीग खरा होता.

दादांच्या मेहुण्याने, म्हणजे वहिनींच्या भावाने, टिपर घेतला तेव्हा दादा जामीन राहिले होते. घरातला माणूस, सही केली आणि विसरले. नादारीच्या प्रक्रियेत देण्यांचा तपशील देताना हा जामीन त्यांच्या डोक्यातच आला नाही. फायनान्स कंपनीनेही जाहीर नोटीस वाचून दावा केला नाही. परिणाम असा की हे देणं योजनेत नाही, आणि म्हणून मुक्तता आदेशातही नाही. दादांना हे पटायला वेळ लागला. ‘सगळी कर्जं संपली असं जज साहेबांसमोर झालं’ असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी आदेशातला तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. वहिनी आत निघून गेल्या. त्यांच्या भावाचं प्रकरण होतं.

बंद पाकिटांपैकी एकात लवादाची नोटीस निघाली. फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम बहुधा असतंच. दुसरं पाकीट फोंड्याच्या विकलेल्या फ्लॅटवरून फिरत आलेलं. लवाद कायद्याच्या कलम ३ प्रमाणे शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर्डने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं धरलं जातं. घर बदललं आणि धनकोला कळवलं नाही, तर सुनावणी आपल्यामागे होऊन जाते. इथे तेच झालं होतं. निवाडा दादांविरुद्ध झाला होता, आणि लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, त्यासाठी १२ वर्षांची मुदत असते. हे पाकीट आणखी वर्षभर कपाटात राहिलं असतं, तर पुढचा माणूस जप्तीचा कागद घेऊनच आला असता.

इथे माझं काम संपलं आणि वकिलाचं सुरू झालं. पण वकिलाकडे जाताना तारखांचा एक तक्ता करून नेला, आणि त्याचा उपयोग झाला. बँकेचा कलम ९५ चा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला त्या दिवसापासून संहितेच्या कलम ९६ प्रमाणे वसुलीच्या कारवाईला अंतरिम स्थगिती सुरू झाली, आणि ती ऋणकोच्या सगळ्याच देण्यांना लागू होती, एकट्या अर्जदार बँकेच्या देण्यापुरती नव्हती. लवादाची सुनावणी नेमकी त्या काळात झालेली. लवादही कंपनीने स्वतःच एकतर्फी नेमलेला. अशा नेमणुकांना सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१९ मधल्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून हादरा बसला आहे. तिसरा मुद्दा मुदतीचा. निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि फार तर वर ३० दिवस असतात. पण निवाड्याची सही केलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून ते मोजायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने एआरके बिल्डर्स प्रकरणात २०११ मध्येच सांगितलं आहे. दादांना तशी प्रत मिळालेलीच नव्हती.

वकिलांनी हे तिन्ही मुद्दे कंपनीला लिहिले, आणि बोलणी सुरू झाली. देणं खोटं आहे असा दावा आम्ही केला नाही. टिपर घेतला होता, हप्ते चुकले होते. प्रश्न रकमेचा आणि ती कोणी भरायची याचा होता. मेहुणा आधी टाळत होता. शेवटी वहिनीच त्याच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. त्याने हप्त्यांनी भरायचं कबूल केलं, कंपनीने दंडव्याज सोडलं, आणि लेखी करार झाला.

चौथ्या ढिगावर वहिनींचं नाव होतं. पहिल्या बँकेची पत्रं, पण ‘जामीनदार क्रमांक २’ म्हणून त्यांच्या नावाने. हा प्रकार गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा जास्त दिसतो, त्याला कारण आहे. इथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक, प्रत्येकाचा अर्धा वाटा. म्हणून जमीन-घर गहाण टाकताना बँक दोघांच्या सह्या घेते. कलम ११९ मध्येच पुढे म्हटलंय की एका ऋणकोच्या मुक्ततेने दुसरी कोणी व्यक्ती तिच्या जबाबदारीतून सुटत नाही. दादा सुटले म्हणून वहिनी सुटल्या, असं आपोआप होत नाही. पुष्कळ घरांत हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

बँकेकडून मूळ कागदांच्या प्रती मागवल्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, आणि वहिनींनी तो घेतला. प्रती आल्यावर एक गोष्ट समोर आली. गहाणखतावर वहिनींची सही होती, ‘पत्नी, संमतीसाठी’ अशी. जामीनपत्रावर मात्र फक्त दादांची. मिळकत गहाण टाकायला संमती देणं वेगळं आणि सगळं कर्ज फेडायची वैयक्तिक हमी देणं वेगळं. गहाण मिळकत, म्हणजे फोंड्याचा फ्लॅट, योजनेत विकून झाला होता. संगणकात नाव भरताना कोणीतरी दोन्ही सह्यांना एकच रकाना दिला असणार. वकिलाने हे बँकेला लिहिलं, आणि वहिनींचं नाव निघालं. जामीनपत्रावर त्यांची सही असती तर उत्तर वेगळं असतं, आणि बँकेशी स्वतंत्र तडजोडच करावी लागली असती. म्हणून योजना मांडतानाच पत्नीचा, भावाचा जामीन त्यात स्पष्ट लिहून घ्यावा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

मुलीच्या शैक्षणिक कर्जाची पत्रंही त्याच पिशवीत होती. त्यांच्याबद्दल वाद नव्हता. शैक्षणिक कर्ज नादारी संहितेने वगळलेल्या देण्यांत धरलं आहे, योजनेतही ते नव्हतं, आणि मुलगी पुण्यात नोकरीला लागली आहे. हप्ते तिच्या खात्यातून जातात. पत्ता बदलून घेतला, बस.

राहिला क्रेडिट अहवाल. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत, सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दादांचे चारही काढले. तीनमध्ये पुनर्रचना कंपनीची थकबाकी उभी होती, एकात वहिनी अजून जामीनदार. दुरुस्तीची तक्रार घातल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या परिपत्रकाने आणला. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवायची. चुकीच्या नोंदी दुरुस्त झाल्या. खऱ्या नोंदी, म्हणजे कर्ज थकलं होतं आणि कमी रकमेत मिटलं, त्या राहिल्याच, आणि काही वर्षं राहतील. त्या काढून देतो म्हणून पैसे मागणारे लोक पणजी-म्हापशात भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये.

आता पत्रं जवळपास थांबली आहेत. गेल्या महिन्यात पहिल्या बँकेचं एक आलं. दादांनी ते त्याच दिवशी फोडलं, यादीशी ताडून पाहिलं आणि आधीच्या उत्तराची प्रत जोडून परत पाठवलं. धनकोंची यादी, योजना मंजुरीचा आदेश आणि मुक्तता आदेश यांच्या प्रती घरात दोन ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि तिन्हींचे फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये आहेत. मेहुण्याचे काही हप्ते बाकी आहेत. ते संपले की फायनान्स कंपनीकडून दादांच्या नावाचं वेगळं ना-देय पत्र घ्यायचं आहे, कारण मेहुण्याच्या नावाने मिळणाऱ्या पत्रात जामीनदाराचा उल्लेख असेलच असं नाही. त्या मागणीचा मसुदा वकिलांनी करून ठेवला आहे.